आता कशाला

आमच्या घरात शास्त्र वाचायची एक पद्धत आहे आणि ती माझ्या सासऱ्यांनी लावून दिली. बाकीची ख्रिस्ती घरं सकाळी बायबलचा एक अध्याय वाचतात, प्रार्थना करतात आणि कामाला लागतात. घाटविसाव्यांच्या घरात एकच वचन वाचायचं. त्यात जे करायला सांगितलंय ते हातून होत नाही तोवर पुढच्या वचनावर जायचं नाही. सासरे नगरकडून शहाडला गिरणीत कामाला आले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन सदरे, एक तवा आणि हे शास्त्र होतं. सदरे विरले, तवा मोडीत गेला. सासरे वारले तेव्हा त्यांची खूण जिथं होती, तिथून पुढे माझ्या नवऱ्याने, सुदेशने, वाचायला घेतलं. वारसा म्हणून दुसरं घ्यायला काही नव्हतंच.

खूण म्हणजे गिरणीतल्या कापडाची काठाकडची एक पट्टी. ती कधी भराभर सरकायची, कधी महिनोन्‌महिने हलायची नाही. वंशावळ्या आल्या की गाडी फास्ट, आज्ञा आली की स्लो. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबांना राहू द्या, असं एकदा आलं. विठ्ठलवाडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत शेत कुठून आणायचं? तर यांनी माझा पिठाचा डबा हेच शेत ठरवलं आणि त्याची एक बाजू समोरच्या विधवा बाईला जाऊ लागली. मऊ उत्तराने राग शांत होतो, असं वाचलं तेव्हा नळावरच्या महिपतशी आमचं भांडण चालू होतं. महिपत रोज शिव्या घालायचा आणि हे हात जोडून म्हणायचे, "महिपतराव, आधी तुम्ही भरा." शेवटी तोच कंटाळला. मला म्हणाला, "वहिनी, साहेबांना सांगा ना, जरा भांडत जा म्हणून. मलाच कसंतरी होतं."

पद्धत यांची आणि खर्च माझा, असा संसार चालला होता. देवळात लोक चेष्टा करायचे. देऊळ म्हणजे आमचं कल्याणचं चर्च. सासूबाई शेवटपर्यंत देऊळच म्हणायच्या, म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलंय. उपासना संपली की कोणीतरी विचारायचं, "घाटविसावे, गाडी कुठल्या स्टेशनात?" हे म्हणायचे, "सिग्नल लागलाय."

एका वचनावर मात्र तो सिग्नल लागला तो लागलाच. त्याची गोष्ट सांगायची तर आधी प्रीतमची सांगावी लागेल.

प्रीतम माझा धाकटा दीर. आम्ही ख्रिस्ती माणसं प्रेमाला प्रीती म्हणतो. बाहेरच्यांना तो शब्द सिनेमातला वाटतो, पण आमच्या शास्त्रात पानोपानी तोच आहे. सासूबाईंचा तो लाडका शब्द, म्हणून धाकट्याचं नाव प्रीतम. हे गिरणीत फिटर झाले आणि प्रीतमला शिकवलं. तो शिकला, ठाण्याला मोठ्या कंपनीत लागला, डोंबिवलीच्या देवयानीशी त्याने रजिस्टर लग्न केलं आणि घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहायला गेला. देवयानी हिंदू, चांगल्या शिकलेल्या घरातली. सासूबाईंना ती आवडली होती. हे मात्र तोंडाने काही बोलले नाहीत आणि मनात धरून बसले. लग्नापेक्षाही प्रीतमचं देवळात येणं सुटलं, याचा यांना जास्त राग. रविवारी उपासनेहून आल्यावर सासूबाई त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायच्या आणि संध्याकाळी ते ताट हे मुद्दाम सगळ्यांसमोर उघडायचे. मला ते मुळीच आवडायचं नाही.

सासूबाई गेल्या एका शुक्रवारी पहाटे. दफन संध्याकाळी ठरलं. प्रीतम कामासाठी पुण्याला होता. तो तिथून निघाला, घरी आला, देवयानीला घेतलं आणि निघाला. मध्ये कुठंतरी एक कंटेनर आडवा झाला होता. आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा त्याचा फोन आला, "दादा, कोनगावात आहे. दुर्गाडीचा पूल दिसतोय. दहा मिनिटं थांबव."

पूल दिसतो म्हणजे माणूस कल्याणात आलाच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, स्वतः म्हणाले, "थांबू या थोडं." मी यांच्या शर्टाची बाही ओढली आणि म्हणाले, "अहो, थांबा." हे म्हणाले, "अंधार पडायला आलाय. ज्याला यायचं होतं त्याने आईच्या आजारपणात यायचं होतं." आणि पेटी बंद करायला सांगितली. झाकणाला खिळे ठोकायचा आवाज मला अजून सहन होत नाही. त्या दिवशी तर तो फार वेळ चालल्यासारखा वाटला.

मराठीत मूठमाती देणे म्हणजे विषय संपवणे. आमच्यात ती खरोखरची माती असते. पेटी खाली गेली की घरातल्या प्रत्येकाने मूठभर माती आत टाकायची, मग खड्डा बुजवतात. आम्ही सगळ्यांनी टाकली. खड्डा खणणारा नाथा भराभर हात चालवत होता. माती सारखी करून त्यावर फुलं ठेवली आणि फाटकातून प्रीतम पळत आला. मागून देवयानी, एका हातात चप्पल धरलेली. तो ढिगापाशी आला, खाली वाकला, मूठभर माती उचलली आणि तसाच उभा राहिला. हे त्याच्या शेजारी होते. हे त्याला काहीतरी म्हणाले, ते मला बायकांच्या मागून ऐकू आलं नाही. प्रीतमची मूठ उघडली, माती पायाशी पडली आणि तो देवयानीला घेऊन निघून गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

पुढच्याच वर्षी खूण त्या वचनावर आली. तुम्ही वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि तिथं भावाची आठवण झाली, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी भावाशी समेट करा, अशा अर्थाचं ते वचन. हे फार गंभीर झाले. म्हणाले, "प्रीत्याविरुद्ध माझ्या मनात आहे. ते मी काढून टाकतो." आणि काढलंही. प्रार्थनासभेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मी माझ्या भावाला क्षमा केली आहे. लोक गहिवरले. मी म्हटलं, झालं तर मग, सरका पुढे. हे म्हणाले, "माझ्याकडून झालं. आता त्याने यायचं. समेट एकट्याने होत नाही."

तो कशाला येतोय? खूण तिथंच राहिली. समेट होत नाही तोवर अर्पण करायचं नाही, म्हणून देवळात थैली आली की हे ती हात न लावता माझ्याकडे सरकवायचे आणि मी दोघांचं टाकायचे. घरी रोज सकाळी चहाच्या आधी शास्त्र उघडायचं. हे डोळे मिटून तेच वचन म्हणायचे आणि प्रीतमच्या मनपालटासाठी प्रार्थना करायचे. वर्षांमागून वर्षं गेली. आमच्या गल्लीतली मुलं लग्न होऊन बदलापूरला गेली. हे रिटायर झाले. "अहो, पुढे चला," असं मी किती वेळा म्हटलं असेल. पुढे पुष्कळ चांगली वचनं होती.

मग यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे त्या दिवसांत वाचन माझ्याकडे आलं. मी काही डोळे मिटून म्हणणारी नाही. मी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"चुकीचं वाचलंस," हे म्हणाले.

"छापलंय ते वाचलं."

"भावाविरुद्ध आपल्या मनात काही असेल तर, असं आहे ते."

"तसं नाहीये. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे."

"परत वाच."

मी परत वाचलं. तेच होतं. यांनी माझ्या हातातून शास्त्र घेतलं, डाव्या डोळ्याजवळ नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं, पाठ झालेलं वचन. पाठ झालेलं कोण बघून वाचतो? एक 'विरुद्ध' इकडचा तिकडे, आणि तेवढ्यात आरोपी बदलला. चहावर साय आली. हे म्हणाले, "म्हणजे मी जायचं होतं. आणि क्षमा करायला नाही, मागायला."

मला आधी राग आला. इतकी वर्षं सकाळी सकाळी माझी झोप मोडून हा माणूस उलटं वाचत बसला होता. मग त्यांच्या पट्टीखालून पाणी यायला लागलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी पदराने टिपत बसले आणि माझा राग गेला.

डोळा बरा झाल्यावर आम्ही घोडबंदर रोडला गेलो. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "कोण आलंय सांगू?" हे म्हणाले, "भाऊ." वॉचमनने फोनवर सांगितलं, थोडा वेळ ऐकलं आणि आम्हाला लिफ्ट दाखवली. दार देवयानीने उघडलं. "या दादा, या वहिनी," म्हणाली, काल भेटल्यासारखी. प्रीतम सोफ्यावर बसला होता. केस पांढरे, अंगावरचा शर्ट एक नंबर मोठा वाटावा असा वाळलेला. पावसाचं, मेट्रोच्या कामाचं, पार्किंगचं बोलणं झालं. चहा झाला. मग हे एकदम म्हणाले, "प्रीत्या, माझं चुकलं. मला क्षमा कर."

प्रीतमने कप खाली ठेवला. "दादा, खूण कुठल्या वचनावर आहे?"

यांना खोटं बोलता येत नाही. यांनी सांगितलं.

"म्हणजे तुझं पान अडलंय," प्रीतम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी क्षमा केली म्हटलं की तू खूण पुढे सरकवणार. मी त्याच घरात वाढलोय, दादा. तू माझ्यासाठी आलायस का पानासाठी, ते आधी ठरव. मग ये."

देवयानी आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आली. "वहिनी, त्यांची तब्येत बरी नाही," एवढंच म्हणाली. ठाणे स्टेशनपर्यंत बसने आलो. उतरताना हे म्हणाले, "प्रीत्या खरं बोलला."

त्या दिवसापासून यांचं सकाळचं वाचन बदललं. वचन तेच, पण आता हे ते उघड्या डोळ्यांनी वाचायचे आणि गप्प बसायचे. प्रीतमच्या मनपालटाची प्रार्थना बंद झाली. शनिवार आला की मी विचारायचे, "जायचं का?" हे थोडा विचार करून म्हणायचे, "आज नको. आज पानासाठीच जावंसं वाटतंय." मी मनात म्हटलं, हा माणूस देवाच्याही डोक्याला ताप असेल. पण मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याविषयी आदर वाटला, हेही खरं. आधी मला फक्त सवय होती.

एका शनिवारी सकाळी यांनी विचारलं, "घरात सुकट आहे का? प्रीत्याला आईच्या हातची सुकटीची चटणी आवडायची. तिखट, लसूण जास्त घातलेली." मी चटणी केली, दोन भाकऱ्या केल्या. विठ्ठलवाडी स्टेशनात उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की कुठंही जाताना काखेत असणारं शास्त्र यांनी आज घेतलेलंच नाही. यांना तोवर पत्ताही नव्हता. "अरेच्चा, राहिलंच," म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

देवयानीच्या स्वयंपाकघरात सुकटीचा वास पसरला. ती स्वतः मासळी खात नाही. तिने खिडक्या उघडल्या, ताट वाढलं आणि प्रीतमसमोर ठेवलं. तो दोन घास खाऊ शकला. तिसरा घास त्याने हातात धरून ठेवला होता. त्याला यकृताचा कॅन्सर आहे, हे देवयानीने मला त्याच दिवशी खिडकीपाशी उभं राहून सांगितलं.

मग आम्ही दर शनिवारी जायला लागलो. हे त्याच्याजवळ खुर्ची घेऊन बसायचे. टीव्हीवर क्रिकेट चालू असायचं. बोलणं थोडं व्हायचं, तेही गिरणीच्या भोंग्याचं, शहाडच्या पुलाखाली पोहायला गेल्याबद्दल खाल्लेल्या माराचं. क्षमेचा विषय यांनी पुन्हा काढला नाही. पण त्यांच्या जिवाला काय लागलं होतं ते मला माहीत होतं. प्रीतमने एकदा 'असू दे, दादा' म्हणावं, बस. तेवढ्या दोन शब्दांसाठी हे उन्हातान्हाचे जात होते, आणि ते मागायचे नाहीत हेही यांनीच ठरवलं होतं.

शेवटी विषय प्रीतमनेच काढला. तेव्हा तो पलंगावर होता, पोट फुगलं होतं, हात काडीसारखे झाले होते. म्हणाला, "दादा, त्या दिवशी दफनभूमीत तू मला काय म्हणालास ते तुला आठवतं?"

"उशीर केलास, असं काहीतरी," हे म्हणाले.

"नाही. मी माती उचलली. तू माझ्या हाताकडे बघितलंस आणि म्हणालास, आता कशाला."

यांना खरोखर आठवत नव्हतं. मी यांच्याबरोबर जन्म काढलाय, मला कळतं.

"पेटी बंद केलीस ते मी सोडून दिलं असतं," प्रीतम म्हणाला. "अंधार पडत होता, माणसं खोळंबली होती, समजू शकतो. पण आई माझीपण होती. ती मूठभर माती वरून टाकू दिली असतीस तर तुझं काय जात होतं?"

देवयानीने त्याच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला. त्याने डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. हे बाजूला बसून रडत होते, आवाज न करता, खांदे हलत होते. मला वाटलं, आता तरी क्षमा मागतील. नाही मागितली. खाली रस्त्यावर आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "मागितली असती तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. दमलाय तो."

यांनी आयुष्यात पुष्कळ वचनं पाळली. पिठाच्या डब्यापासून महिपतपर्यंत सगळ्यांची मी साक्षीदार आहे. पण प्रीती म्हणजे काय ते या माणसाला त्या दिवशी रस्त्यावर, बसची वाट बघताना कळलं, असं माझं मत आहे.

प्रीतम गेला तो रविवारी. आम्ही देवळात होतो, दुसरं गीत चाललं होतं. फोन थरथरला, मी बाहेर जाऊन घेतला. देवयानी म्हणाली, "वहिनी, गेले." दुपारी बारापर्यंत नेणार असल्याचंही तिने सांगितलं. त्या दिवशी मेगाब्लॉक होता, गाड्यांचा भरवसा नव्हता. आमच्या शेजारच्या कमलेशने आपली गाडी काढली. तो उल्हासनगरचा सिंधी. त्याने देवळाच्या दारातून आम्हाला घेतलं आणि निघाला.

दुर्गाडीचा पूल ओलांडला आणि कोनगावात गाडी थांबली. पुढे ट्रेलर, मागे टेम्पो, बाजूला रिक्षा. कमलेशने इंजिन बंद केलं. हे मागे वळून काचेतून बघत होते. पूल दिसत होता. मला म्हणाले, "इथूनच केला होता त्याने फोन."

बारा वाजत आले. मी पर्समधून फोन काढला. यांनी माझा हात धरला. "थांबा म्हणून सांगू नकोस."

"अहो, पण..."

"मला तोंड नाही ते म्हणायला. कुठल्या तोंडाने म्हणू?"

मी फोन लावला आणि फक्त सांगितलं की आम्ही कोनला अडकलोय. मागे माणसांचा आवाज येत होता, कोणीतरी शववाहिकेचं विचारत होतं. देवयानी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा काय अर्थ घ्यायचा ते आम्हाला कळलं नाही. गाड्या सरकायला लागल्या, पुन्हा थांबल्या. बायपासला थांबल्या, माजिवड्याला थांबल्या. बारा वाजून बराच वेळ झाला होता. हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. प्रार्थना करत होते का, मी विचारलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण कोणावर तेच कळत नव्हतं.

टॉवरच्या फाटकातून आत शिरलो तर शववाहिका उभी होती. दार उघडं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत माणसं उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात सरकत होती. प्रीतम मधोमध होता, चेहरा उघडा ठेवलेला. देवयानीचे मामा, ज्यांना सगळे बाळमामा म्हणतात, घड्याळ बघत म्हणाले, "आले का? चला, आता तरी निघू या." देवयानी प्रीतमच्या डोक्याशी उभी होती. तिने कोणालाही त्याला उचलू दिलं नव्हतं.

हे प्रीतमजवळ गेले, कपाळाला हात लावला. मग देवयानीकडे वळले. त्यांनी काय विचारलं ते मला या वेळी नीट ऐकू आलं.

"प्रीत्या म्हणाला होता का, दादासाठी थांबा म्हणून?"

हो म्हणायला तिचं काय जात होतं? मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, हो म्हण. कोण तपासायला येणार आहे?

"नाही, दादा," देवयानी म्हणाली. "ते काही नाही म्हणाले. मीच थांबवलं. त्या दिवशी गाडीत त्यांच्या शेजारी मी बसले होते. समोर पूल दिसत असताना माणसाचं काय होतं, ते मी बघितलंय."

यांनी मान हलवली.

प्रीतमने आधीच सांगून ठेवलं होतं, मातीत नको. विद्युतदाहिनीचं दार उघडलं, बंद झालं. देवयानीने यांना प्रार्थना करायला सांगितली. हे पुढे झाले, "प्रभू," म्हणाले आणि पुढचा शब्द सापडेना. तेवढीच प्रार्थना झाली. लोक बाहेर पडत होते तरी हे तिथंच उभे होते, उजवी मूठ मिटलेली. मी जाऊन हळूच ती उघडली आणि हात धरून त्यांना बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. हे शास्त्र घेऊन बसले. नेहमीचं पान उघडलं, कापडाची पट्टी उचलली आणि पान उलटून पुढच्या वचनांवर ठेवली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा हलली. मीच जिच्यासाठी जन्मभर कटकट केली, ती खूण पुढे गेलेली मला बघवेना. मी पानावर बोट ठेवलं.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "झालं कुठंय अजून?"

"आता कशाला?" हे म्हणाले.

बाहेर नळावर बादल्यांचा आवाज चालला होता. यांनी स्वतःचे शब्द ऐकले. मीही ऐकले. यांचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवलं नाही, मी उठून गॅस बारीक केला. वळून बघितलं तेव्हा यांनी पान परत मागे उलटलं होतं आणि पट्टी तिच्या जागी ठेवून ती हाताने सारखी करत होते.

चहा झाल्यावर म्हणाले, "देवयानीला फोन कर. शनिवारी येतो म्हणून सांग. आणि सकाळी लवकर निघू, तिला थांबायला नको लागायला."